पवनीचा दरवाजा आणि आपली प्रवासवर्णने

मराठी प्रवासवर्णनात बर्लिन आले की ब्रांडेनबुर्ग दरवाजा येतो, आणि दरवाजा आला की त्यामागोमाग येणारी वाक्येही ठरलेली असतात. लेखक त्या खांबांपुढे उभा राहतो, मान वर करून चार घोड्यांचा रथ पाहतो. त्याला नेपोलियन आठवतो, हिटलर आठवतो, भिंत आठवते. मग इतिहास त्याच्या डोळ्यांपुढून सरकतो, एक छायाचित्र निघते आणि पुढच्या परिच्छेदात शाकाहारी जेवणाची शोधाशोध सुरू होते. त्या शोधाशोधीबद्दल आमची तक्रार नाही. बहुतेक वेळा त्या प्रकरणातला तेवढाच भाग स्वतःच्या अनुभवातून उतरलेला असतो. तक्रार आहे ती त्याआधीच्या भागाबद्दल. तो दरवाजा पाहून लिहिलेला नसतो. सहलीच्या वाटाड्याने सांगितलेले ऐकून, चार पुस्तकांत आलेले घोकून लिहिलेला असतो. लेखक बर्लिनला गेला नसता तरी तो तसाच लिहिता आला असता.

एरवी याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु प्रवासवर्णन हा आपल्याकडे शिकवला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. त्याची व्याख्या पाठ करून घेतली जाते, स्थलदर्शन, व्यक्तिदर्शन, लेखकाचे व्यक्तिमत्त्व असे रकाने पाडून उत्तरे लिहवून घेतली जातात. या सगळ्यातून विद्यार्थ्याच्या मनात एक गोष्ट कोणी न सांगताच पक्की बसते: प्रवास म्हणजे विमानाने करायचा तो. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात मराठी शिकणारा मुलगा पवनीहून एस.टी.ने येत असेल, तर तो नुसता ये-जा करतो. त्याला प्रवास म्हणत नाहीत. ‘ब्रांडेनबुर्ग’ हा शब्द त्याला अडखळत का होईना लिहिता येतो. ज्या दगडी दरवाजाखालून तो लहानपणापासून ये-जा करत आला त्यावर दहा ओळी लिही म्हटले, तर ‘आमच्या गावात एक ऐतिहासिक दरवाजा आहे’ या वाक्यापुढे त्याची लेखणी सरकत नाही. दोष त्याचा नाही. दुसरी ओळ त्याला कोणी शिकवलेलीच नाही. ती शिकवणे हे मराठी विभागांचे काम होते आणि ते त्यांनी केलेले नाही, असे आमचे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप काय येणार ते ठाऊक आहे. कुठे ब्रांडेनबुर्ग आणि कुठे पवनी! एक जगाच्या इतिहासाचा साक्षीदार, दुसरा तालुक्याच्या गावचा पडका दरवाजा. हा आक्षेप घेणाऱ्यांनी ब्रांडेनबुर्ग दरवाजा नीट वाचलेला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. म्हणून आधी बर्लिनकडेच वळू.

प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा याच्या हुकमावरून कार्ल गोटहार्ड लांगहान्स या वास्तुकाराने तो १७८८ ते १७९१ या काळात उभारला. तो किल्ल्याचा दरवाजा नव्हता. बर्लिनभोवती त्या काळी जी भिंत होती ती शत्रूला अडवण्यासाठी बांधलेली नव्हती. शहरात येणाऱ्या मालावर जकात घेण्यासाठी आणि सैन्यातून पळून जाणाऱ्यांना रोखण्यासाठी ती होती. त्या भिंतीला ठिकठिकाणी दरवाजे होते, त्यांतला हा एक. म्हणजे आपल्या भाषेत, जकात नाका. लांगहान्सने नमुना घेतला तो अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील प्रवेशवास्तूचा, प्रोपिलेआचा. दोन्ही अंगांना सहा-सहा डोरिक खांब, त्यांमधून पाच वाटा, मधली राजघराण्यासाठी राखून ठेवलेली. ज्याला कलेच्या इतिहासात नव-अभिजात शैली म्हणतात तिचा हा नामांकित नमुना होय. पण साध्या शब्दांत सांगायचे तर सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याच्या देशातल्या दरवाजाची आठवण काढून बांधलेला हा नाका. अनुकरणाला आपल्याकडे नाके मुरडली जातात. ब्रांडेनबुर्गपुढे मात्र ती मुरडली जात नाहीत.

मग त्याला थोरवी आली कशाने? ती दगडात नव्हती. योहान गोटफ्रीड शाडोने घडवलेला रथ १७९३ मध्ये वर चढला; १८०६ मध्ये नेपोलियनने तो उतरवून पॅरिसला नेला. १८१४ मध्ये रथ परत आला, तेव्हा शिंकेलने देवतेच्या हातातल्या दंडावर लोखंडी क्रूस आणि प्रशियाचा गरुड बसवला. शांतीची म्हणून जी उभी केली होती ती या एका बदलाने विजयाची देवता झाली. ३० जानेवारी १९३३ रोजी, हिटलर चॅन्सेलर झाला त्या रात्री, मशाली घेतलेले जथे याच खांबांमधून गेले. महायुद्धात रथाच्या चिंध्या झाल्या. १९४२ मध्ये घेऊन ठेवलेल्या साच्यांवरून तो पश्चिम बर्लिनमध्ये पुन्हा ओतला गेला, आणि पूर्व बर्लिनच्या सत्तेने १९५८ मध्ये त्यावरचा क्रूस आणि गरुड काढून टाकला. १९६१ मध्ये भिंत आली आणि दरवाजा दोन्हीकडच्या लोकांना नुसता लांबून पाहण्यापुरता उरला. २२ डिसेंबर १९८९ रोजी तो पुन्हा मोकळा झाला. १९९१ मध्ये क्रूस आणि गरुड परत आपल्या जागी आले. आज जर्मनीच्या दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या नाण्यांवर हा दरवाजा आहे.

हस्तलिखितांचा अभ्यास केलेल्या कुणालाही या सगळ्याला काय म्हणतात ते सांगायला नको. हे पाठभेद आहेत. एका दंडाच्या टोकाला काय असावे, यावर दीडदोनशे वर्षे सत्ता एकमेकींचा पाठ खोडत आल्या आणि त्या प्रत्येक खोडाखोडीची नोंद राहिली. बर्लिनचा दरवाजा थोर आहे तो त्याची संहिता चिकित्सापूर्वक सिद्ध झालेली आहे म्हणून. आपला प्रवासलेखक त्या संहितेचे मुखपृष्ठ पाहून परत येतो.

आणि त्या मुखपृष्ठाआड काय राहते पाहा. १७४३ मध्ये चौदा वर्षांचा मोझेस मेंडेल्सझोन डेसाऊहून शिक्षणासाठी बर्लिनला आला. पुढे तो जर्मन प्रबोधनाच्या मोठ्या तत्त्वज्ञांपैकी एक झाला. परंतु त्या दिवशी त्याला शहरात शिरायचे होते ते उत्तरेकडच्या रोझेनथाल दरवाजाने, कारण बाहेरून येणाऱ्या ज्यूंसाठी तेवढाच दरवाजा ठरलेला होता. रोझेनथाल दरवाजा आज उभा नाही. जो उभा आहे त्याच्यापुढे छायाचित्रे निघतात. जो नाही त्याची गोष्ट ज्यांनी लिहून ठेवली त्यांच्यामुळे ती कळते. दरवाजाला विचारायचा पहिला प्रश्न ‘तो कोणी बांधला’ हा नसून ‘यातून कोणाला जाऊ देत नसत’ हा आहे. हा प्रश्न जगातल्या कुठल्याही दरवाजाला लागू पडतो, आणि तो विचारायला विमानाचे तिकीट लागत नाही.

पवनीला लागते ते भंडाऱ्याहून एस.टी.चे. गाव वैनगंगेच्या काठी आहे; एका अंगाला नदी आणि उरलेल्या बाजूंना तट आणि खंदक. तटाचा गाभा मातीचा आणि फार जुना, त्यावरचे दगडी काम पुष्कळ नंतरचे. या दगडी कामात जो दरवाजा आज उभा आहे त्याला गावात जवाहर गेट म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा कमानीखालून दुचाक्या जात होत्या, भाजीची हातगाडी जात होती, शाळा सुटलेल्या मुली जात होत्या. थांबून वर पाहणारे तेवढे आम्हीच होतो, त्यामुळे लोक थांबून आमच्याकडे पाहत होते. एका वयस्कर गृहस्थांनी जवळ येऊन अदबीने विचारले, ‘‘मोजनीसाठी आले का जी?’’ दरवाजाकडे निरखून पाहणारा माणूस म्हणजे मोजणीवाला. तो आला की मागोमाग रुंदीकरण किंवा डागडुजी, दोहोंपैकी काहीतरी येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मराठीचा एखादा प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे उभा राहिला असेल, ही शक्यता त्यांच्या मनात येण्याचे काही कारण नव्हते. ते गृहस्थ आमच्या लेखी मराठी विभागांच्या कामगिरीचे सर्वांत नेमके परीक्षक होत.

(‘पवनी गेट’ हे शब्द नागपूरच्या किंवा पुण्याच्या माणसापुढे उच्चारून पाहावेत. त्याला हा दरवाजा आठवत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीची जिप्सी जिथून आत सोडतात ते फाटक आठवते. २०१६ मध्ये दिसेनासा झालेला जय नावाचा वाघ या भागाला जेवढी कीर्ती देऊन गेला तेवढी दोन हजार वर्षांच्या तटाला मिळालेली नाही. वाघाबद्दल आम्हांला आदरच आहे. पण त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी त्याचे पंजे, त्याच्या वाटा, त्याची हद्द बारकाईने पाहिली, हेही खरे.)

माहितीच नाही, मग लिहायचे काय, अशी पळवाट काढली जाते. तीही बंद करू. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला उत्खनन केले, शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडीत स्तूप मिळाला, त्याच्या कठड्याचे कोरीव स्तंभ मिळाले, मुचलिंद नागाचे नाव कोरलेले शिल्प मिळाले, आणि ज्यांनी स्तूपासाठी दान दिले अशांचे ब्राह्मी लेख मिळाले. १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी तिथे पुन्हा खोदकाम केले, त्याचा अहवाल १९९८ चा. महाक्षत्रप रूपिअम्म याचा छायास्तंभ आणि भार कुळातल्या भगदत्त राजाचा लेख हेही पवनीचेच, वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला. म्हणजे पुरातत्त्ववाल्यांनी आपले काम केलेले आहे. त्यांनी ते इंग्रजीत आणि आपल्या परिभाषेत केले, याला त्यांचा इलाज नाही. तिथून पुढचे काम, म्हणजे त्या दात्यांची नावे मराठी वाचकाच्या कानावर घालणे, ती माणसे कोण असतील याचा संयमाने विचार करणे, ज्या टेकडीला लोक जगन्नाथाची म्हणतात तिच्या पोटात स्तूप असणे याचा अर्थ लावणे, हे काम कुदळीने होणारे नव्हते. ते भाषेचे काम होते.

आणि भाषा तरी कुणाची? ते लेख प्राकृतात आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली, तेव्हा महाविद्यालयांतून ग्रंथदिंड्या निघाल्या, भाषणे झाली, नाणेघाटाच्या लेखाचा आणि गाथासप्तशतीचा उल्लेख झाला. ते रास्तच. पण वैनगंगेच्या काठच्या विद्यार्थ्यालाही नाणेघाटच सांगायचे आणि त्याच्या पायाखालच्या प्राकृताचा उच्चारही करायचा नाही, ही कुठली अध्यापनाची रीत? अभिजातपणा हा मुंबई-पुण्याच्या वाटेवर कुठेतरी सापडलेला दागिना आहे, तो इकडे मिरवणुकीपुरता पाठवला जातो, अशीच भावना त्यातून तयार होते.

येथे आमच्या बाजूचे म्हणवणारे काही मित्र हात पुढे करतील, आणि त्यांच्यापासूनच आम्हांला अधिक सावध राहायचे आहे. हे गौरववादी. त्यांना पवनीवर लिहायला सांगितले की ते ‘विदर्भाची काशी’ असे लिहितात. घाट आहेत, मंदिरे आहेत, नदी आहे, म्हणून काशी. काशीला कुणी ‘गंगेवरची पवनी’ म्हणत नाही, यातच त्या उपमेचे मोल कळते. दुसऱ्या बाजूला बौद्ध परंपरेचा अभिमान बाळगणारे लेखन आहे. १९५६ नंतर या भूमीत त्याला फार खोल अर्थ आहे. बाबासाहेब १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, ही आठवण इथे अजून घराघरांत आहे. पवनीपासून जवळच रुयाळ येथे नवा महास्तूप उभा राहिला तोही याच आठवणीचा वारस. या दोन अभिमानांत आम्ही तोल साधायला बसलेलो नाही. एकाने पुरलेले दुसरा उकरून काढतो आहे, आणि उकरणाऱ्याचा हक्क आम्ही मोठा मानतो. पण गद्य म्हणून दोघांचा दोष एकच. दोघेही दरवाजापाशी थांबत नाहीत. एकाला देवळात पोचायची घाई, दुसऱ्याला टेकडीवर. आणि दोघांच्याही लेखनात शेवटी ‘येथील दगड बोलू लागतील तर…’ असे वाक्य हटकून येते.

दगड बोलत नाहीत. हे वाक्य मराठीतून काही वर्षांपुरते तरी हद्दपार करावे अशी आमची सूचना आहे. दगड बोलतात म्हणणारा लेखक स्वतःचे न बोलणे दगडावर ढकलत असतो. दरवाजाची कमान कुठल्या घाटाची आहे, फळ्यांच्या चुळीची भोके कुठे आहेत, पहारेकऱ्यांसाठी देवडी होती का, जुन्या इमारतीचे घडीव दगड नव्या चिऱ्यांत कुठे बसवलेले दिसतात का, हे पाहावे लागते आणि लिहावे लागते. नावाचेही तसेच. नागपूरच्या महालातला जुम्मा दरवाजा गांधी दरवाजा झाला. अमरावतीच्या परकोटाला जवाहर दरवाजा आहे. पवनीलाही जवाहर आहे. विसाव्या शतकाने आपल्या नेत्यांची नावे जुन्या दरवाजांवर चढवली, तीही एक खोडाखोडच होती, आणि शिंकेलच्या क्रूसापेक्षा ती कमी अर्थपूर्ण नाही. त्या नावाखालचे नाव गावातल्या कुठल्या म्हाताऱ्या बाईला आठवते का, हे विचारायला मराठीचा विद्यार्थी जाणार नाही तर कोण जाणार?

शिवाय दरवाजा ही गोष्ट मराठी भाषेच्या अगदी हाडात आहे, हे मराठी शिकवणाऱ्यांनाच सांगावे लागावे याचे नवल वाटते. वेस, गावकूस, कोट, देवडी, दिंडी, अडसर, उंबरठा, तोरण: यांतला एकेक शब्द म्हणजे आत आणि बाहेर यांच्यामधला एकेक करार आहे. आपण लक्तरे टांगतो ती वेशीवर. नवरीला निरोप देतो तो वेशीपर्यंत. आणि ज्यांना गावाने आपले म्हटले नाही त्यांना आपण ‘वेशीबाहेरचे’ म्हणतो. वेसकर हा शब्दच पाहा. गावाची वेस राखायची, रात्री पहारा द्यायचा, परक्याला हटकायचे, आणि राहायचे मात्र वेशीबाहेर! इकडच्या मालगुजारी मुलखात त्या कामाला कोतवाल म्हणत आणि ते पुष्कळदा महारांकडे असे. शब्द बदलला, राहण्याची जागा बदलली नाही. दलित साहित्याने गावकूस हा शब्द मराठी समीक्षेच्या मध्यभागी आणून ठेवला, त्याला अर्धशतक उलटले. त्यावर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली. पण रूपक म्हणून इतक्यांदा उच्चारलेले ते कूस प्रत्यक्षात कुठे होते, किती उंच होते, कुठल्या वाटेने कोण आत येई, हे एका तरी गावापुरते जाऊन पाहिलेले मराठी समीक्षेत कितीसे आहे? मेंडेल्सझोनचा रोझेनथाल दरवाजा बर्लिनच्या अभ्यासकाला नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. पवनीच्या तटाला आतबाहेर होते. कोष्ट्यांची वस्ती कुठे, ढिवरांची कुठे, महारांची कुठे, नदीचा कुठला घाट कुणाचा, हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत. ती कायम राहणार नाहीत.

देशीवाद्यांना आमचा प्रश्न येथेच आहे. ‘टीकास्वयंवर’ १९९० मध्ये आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून ‘देशी’ हा शब्द आपल्या विभागांतून नाण्यासारखा चालतो आहे. नेमाड्यांशी आमचे मतभेद वेगळे. ते पुन्हा केव्हातरी. परंतु त्यांच्या पाठीराख्यांनी या शब्दाचे काय केले? त्यांनी देशीपणावर सिद्धान्त लिहिले, परिभाषा वाढवली, एकमेकांना अदेशी ठरवले. ‘देश’ त्यांना मिळाला. ठिकाण मिळाले नाही. ज्याला भूमीची जाण म्हणतात ती भूमी शेवटी कुठल्यातरी तालुक्यात असते आणि तिथे पायी जावे लागते, याचा जणू विसर पडला. उलट ज्यांना सिद्धान्ताची फारशी फिकीर नव्हती अशांनी, म्हणजे डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या झाडीबोलीच्या कार्यकर्त्यांनी, भंडाऱ्याच्या गावोगाव फिरून शब्द गोळा केले, दंडारी पाहिल्या, संमेलने भरवली. त्यांना आपल्या विद्यापीठीय समीक्षेने ‘प्रादेशिक’ या कोपऱ्यात बसवले, हे सोयीचेच होते.

परंपरा नाही, असेही म्हणता येत नाही. मराठी गद्याच्या आरंभकाळातच, चौदाव्या शतकात, महानुभावांनी स्थानपोथी लिहिली. चक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, निजले त्या जागांची ती नोंद आहे: देऊळ कुठल्या तोंडाचे, दार कुठल्या दिशेला, ओटा कुठे, झाड कुठे. अलंकार नाही, गौरव नाही, दगड बोलत नाहीत. तरीही त्या कोरड्या नोंदींत श्रद्धेची जी धग आहे ती आपल्या रंगीत प्रवासवर्णनांच्या शेकडो पानांत सापडायची नाही. लीळाचरित्रातला निळभट भांडारेकार हा याच भंडाऱ्याचा. म्हणजे जागा शब्दांत कशी राखावी हे शिकवणाऱ्या परंपरेचा एक धागा या जिल्ह्यातूनच गेलेला आहे, आणि आपण इथल्या विद्यार्थ्याला जागेचे वर्णन शिकवायला बर्लिन उसने आणतो.

बर्लिनच हवे असेल तर इरावती कर्व्यांचे घ्यावे. १९२८ ते १९३० त्या बर्लिनमध्ये होत्या. ज्या विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळाली त्याची मुख्य इमारत उंटर डेन लिंडेन या रस्त्यावर आहे आणि त्या रस्त्याचे पश्चिम टोक म्हणजे ब्रांडेनबुर्ग दरवाजा. त्याखालून त्या कितीदा गेल्या असतील! परंतु मराठी गद्याला त्यांनी जे दिले ते ‘परिपूर्ती’तली ‘वाटचाल’: पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर पायी चालताना पाहिलेले, एकाच दिंडीत जातीप्रमाणे वेगळ्या होणाऱ्या पंगतींसकट पाहिलेले. बर्लिनने त्यांना काय शिकवले असेल तर ते पाहणे. आणि जवळची वाट पाहायला ती नजर वापरायची असते हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराच्या चर्चेत ‘वाटचाल’ किती वेळा येते ते प्राध्यापकांनी आपापल्या टाचणांत पाहावे. ती ललित लेख म्हणून दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली असते, कारण तिच्यात परदेश नाही.

आमची मागणी मोठी नाही. प्रवासवर्णनाच्या पेपरात अंतर्गत मूल्यमापनाचे जे गुण असतात ते या एका कामाला द्यावेत. विद्यार्थ्याने आपल्या घरापासून दिवसाभरात जाऊन येता येईल अशी एक वेस, एक दरवाजा, एक घाट निवडावा. आंबागडचा किल्ला आहे, भंडाऱ्यातले जुने मोहल्ले आहेत, पवनी आहे. दोनदा जावे, एकदा सकाळी, एकदा बाजाराच्या दिवशी. उंची-रुंदी दोरीने मोजावी. तीन माणसांशी बोलावे आणि त्यांतले निदान एक माणूस असे असावे की ज्याच्या आजोबांना त्या दरवाजातून मोकळेपणी जाता येत नव्हते. अहवालातले पान कुणीतरी त्याला मराठीत समजावून सांगावे. मग पंधराशे शब्द लिहावेत, आणि त्यांत ‘ऐतिहासिक’, ‘वैभवशाली’, ‘साक्षीदार’ हे शब्द आले तर प्रत्येकी एक गुण कापावा.

हे इतिहासाचे काम आहे, असे म्हणून काही विभागप्रमुख विषय परत करतील. इतिहासवाले म्हणतील, पुरातत्त्वाचे. पुरातत्त्ववाल्यांनी आपले दोन अहवाल लिहून ठेवलेलेच आहेत. तेव्हा पवनीच्या दरवाजावरून जाणारी फाईल फिरून पुन्हा मराठी विभागाच्या टेबलावर येते, आणि तिथे ‘अमुक यांच्या प्रवासवर्णनांतील युरोपदर्शन’ या विषयाला आणखी एका विद्यार्थ्याची नोंदणी मंजूर झालेली असते.